दातांमधले अंतर : जबड्याच्या सांध्याचे दुखणे

कानाच्या भोकाच्या अगदी पुढे बोट टेकवून तोंड उघडले आणि मिटले, तर बोटाखाली एक गोलसर उंचवटा पुढे सरकून पुन्हा मागे येताना जाणवतो. ते खालच्या जबड्याच्या हाडाचे वरचे टोक असते आणि कवटीच्या बाजूला असलेल्या शंखास्थीत, म्हणजे कानशिलाच्या हाडात, जी खोबण असते तिच्यात ते बसलेले असते. या दोन हाडांच्या मध्ये तंतुमय कूर्चेची एक लहान, मधोमध पातळ असलेली चकती असते. वैद्यकात या सांध्याला टेंपोरोमँडिब्युलर सांधा असे लांबलचक नाव आहे आणि दवाखान्यांतून त्याला सर्रास ‘टीएमजे’ म्हटले जाते. कोपराचा सांधा मुख्यतः बिजागरीसारखा उघडतो व मिटतो, परंतु जबड्याच्या सांध्यात दोन वेगळ्या हालचाली एकमेकींत मिसळलेल्या असतात : तोंड पहिले दोन-अडीच सेंटीमीटर उघडेपर्यंत हाडाचे टोक बहुतांशी जागच्या जागी फिरते आणि त्यापुढे ते चकतीला बरोबर घेऊन खोबणीतून बाहेर, समोरच्या उंचवट्याच्या उतारावर घसरत जाते. प्रौढ माणसाच्या वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये पूर्ण उघडल्यावर साधारणपणे 40 ते 50 मिलिमीटर अंतर पडते, म्हणून स्वतःच्याच हाताची मधली तीन बोटे उभी धरून दातांमध्ये सहज मावली तर तोंड पुरेसे उघडते आहे असे घरच्या घरी समजायला हरकत नसते.

खालचा जबडा हे एकच हाड असून त्याची दोन टोके दोन बाजूंच्या सांध्यांत अडकलेली असल्यामुळे, जू ओढणाऱ्या बैलांच्या जोडीपैकी एकाने अंग काढले की दुसऱ्याच्या मानेवर भार येतो तसेच इथेही घडते, आणि एका बाजूचा सांधा आखडला की दुसऱ्या बाजूलाही चाल बदलावी लागते. तोंड उघडताना हनुवटी सरळ खाली न जाता एका बाजूला वळते ती यामुळेच. आरशासमोर उभे राहून सावकाश तोंड उघडले तर हे वळण कोणालाही दिसू शकते.

जबड्याच्या दुखण्याला सांध्याचे दुखणे म्हणण्याची पद्धत असली, तरी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे दुखणे सांध्यापेक्षा त्याला हलवणाऱ्या स्नायूंत अधिक असते. गालाच्या मागच्या भागात, जबड्याच्या कोनाजवळ हात ठेवून दात आवळले की जो घट्ट गोळा उठतो तो मॅसेटर नावाचा स्नायू, आणि त्याच वेळी कानशिलावर जो पंख्यासारखा पसरलेला स्नायू ताठ होताना कळतो तो टेंपोरॅलिस. यांच्याखेरीज जबड्याच्या आतल्या बाजूला टेरिगॉइड नावाचे स्नायू असतात, ज्यांच्यामुळे जबडा पुढे व बाजूला सरकतो. हे स्नायू थकले, आखडले की त्यांच्यात दाबल्यावर कळ उठणाऱ्या जागा तयार होतात आणि ही कळ जिथे उठते तिथेच थांबत नाही. मॅसेटरमधून ती मागच्या दाढांत उतरते, टेंपोरॅलिसमधून ती डोकेदुखीच्या रूपाने पुढे येते, आणि सांध्याच्या मागून जाणारी ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या मुख्य मज्जातंतूची शाखा कानाच्या भागालाही संवेदना पुरवत असल्यामुळे कित्येक रोगी ‘कान ठणकतो’ म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञाची पायरी चढतात. कान तपासून स्वच्छ निघाला किंवा दाढेच्या मुळांवर उपचार करूनही ठणका तसाच राहिला, तर जबड्याकडे बोट दाखवायला हवे. निरोगी दाढ काढून टाकल्यावर दुखणे शेजारच्या दाढेत ‘सरकल्याचे’ सांगणारे रोगी दंतवैद्यांना नवे नसतात.

सांध्यातून येणारा ‘कट्’ असा आवाज लोकांना सर्वाधिक घाबरवतो, आणि बहुतेकदा विनाकारण. मधली चकती तिच्या जागेवरून थोडी पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना हाडाचे टोक तिच्या जाड कडेवरून उडी मारून तिच्यावर चढते आणि आवाज होतो. तोंड मिटताना ते पुन्हा खाली उतरते व दुसरा, काहीसा हलका आवाज येतो. असा आवाज निरोगी माणसांतही पुष्कळ आढळतो, त्यांपैकी अनेकांना आयुष्यभर कसलाच त्रास होत नाही, आणि वेदना नसलेल्या व तोंड पूर्ण उघडू देणाऱ्या नुसत्या आवाजावर कोणताही उपचार करू नये याबद्दल आज तज्ज्ञांत एकवाक्यता आहे. पुढे सरकलेली चकती जागेवर परत येईनाशी झाली आणि हाडाचे टोक तिच्या मागेच अडकून राहिले, तर मात्र आवाज अचानक बंद होतो, तोंड जेमतेम दोन बोटांइतके उघडते आणि हनुवटी दुखऱ्या बाजूला वळते. याला जबडा ‘लॉक’ होणे म्हणतात. त्याच्या उलट प्रकारात, मोठी जांभई देताना किंवा दाढेच्या उपचारासाठी बराच वेळ तोंड वासून बसल्यावर हाडाचे टोक उंचवट्याच्या पुढे निसटते आणि तोंड मिटताच येत नाही. हा जबडा निखळण्याचा प्रकार फार जुना आहे. प्राचीन इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरसमध्ये तो हाताने बसवण्याची रीत दिली आहे आणि सुश्रुतसंहितेत शेक देऊन हाड जागेवर आणल्यावर पाच टोकांची पट्टी बांधण्याचा विधी सांगितला आहे.

जबडा निखळण्यावर प्राचीन वैद्यांनी जे केले ते तत्त्वतः आजही केले जाते, पण जबड्याच्या चिवट दुखण्यावर विसाव्या शतकात जे केले गेले त्यातले बरेच आज सोडून द्यावे लागले आहे. 1934 साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी अवघ्या 11 रोग्यांच्या निरीक्षणावरून असे मांडले की दाढा पडल्यामुळे जबडा प्रमाणापेक्षा जास्त मिटतो, हाडाचे टोक मागे सरकून कानाजवळच्या मज्जातंतूंवर दाबले जाते आणि त्यातून कानदुखी, कानात आवाज, चक्कर व डोकेदुखी उद्भवते. पुढे शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासकांनी, विशेषतः हॅरी सिखर यांनी, हाडाच्या टोकाचा तसा दाब त्या मज्जातंतूंवर पडूच शकत नाही हे दाखवून दिले. तरीही ‘कॉस्टन सिंड्रोम’ हे नाव आणि दातांचा चावा बिघडल्यामुळेच जबडा दुखतो ही समजूत दंतवैद्यकात अनेक दशके टिकून राहिली. त्या समजुतीपायी असंख्य रोग्यांचे निरोगी दात घासून त्यांची उंची जुळवली गेली, दातांवर टोप्या चढवल्या गेल्या आणि केवळ दुखणे जावे म्हणून दात सरळ करण्याचे दीर्घ उपचार झाले. 1969 साली डॅनियल लास्किन यांनी दुखण्याचा उगम मुख्यतः स्नायूंच्या थकव्यात आणि मानसिक ताणातून दात आवळण्याच्या सवयीत आहे असे मांडले, तेव्हा या विचाराला वेगळे वळण मिळाले.

यापेक्षाही महाग पडलेला धडा शस्त्रक्रियेचा आहे. खराब झालेली चकती काढून तिच्या जागी कृत्रिम चकती बसवावी या विचाराने अमेरिकेत विटेक या कंपनीचे प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचे रोपण 1980च्या दशकात हजारो रोग्यांच्या सांध्यांत बसवले गेले. चावण्याच्या भाराखाली त्या पदार्थाचा भुगा झाला, त्या कणांवर शरीराने हल्ला चढवला आणि त्या झटापटीत आजूबाजूचे हाड झिजून गेले. काही रोग्यांना एकामागून एक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. 1990 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला ती रोपणे बाजारातून काढून घ्यावी लागली. जबड्याच्या दुखण्यात वैद्यांचा हात जितका आखडता तितके रोग्याचे हित अधिक, हे आजचे धोरण नुसत्या सावधगिरीतून आलेले नसून या अनुभवाची किंमत मोजून आलेले आहे.

मग हे दुखणे होते कशाने? एका कारणावर बोट ठेवता येत नाही. अमेरिकेत ‘ओपेरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात जबड्याचे दुखणे नसलेल्या सुमारे 2700 प्रौढांवर काही वर्षे लक्ष ठेवले गेले, तेव्हा दर वर्षाला शंभरातील जवळपास चौघांना ते नव्याने सुरू झाले, आणि ज्यांना आधीपासून अंगात इतरत्र दुखणी होती, ज्यांची झोप बिघडत गेली, ज्यांना दात आवळण्यासारख्या सवयी होत्या त्यांच्यात त्याचे प्रमाण अधिक दिसले. हनुवटीवर बसलेला मार, संधिवात, अर्धशिशी यांचाही त्याच्याशी संबंध आहे. उपचारासाठी येणाऱ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच जास्त असते आणि वय बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यानचे असते. झोपेत दात खाण्याला मात्र लोक समजतात तेवढा दोष देता येत नाही. झोपेत जोरजोराने दात खाणाऱ्या पुष्कळांचा जबडा मुळीच दुखत नाही. (लहान मूल झोपेत दात खाते म्हणजे त्याच्या पोटात जंत झाले, ही घरोघरची समजूतही भक्कम पुराव्यावर उभी नाही, जंताचे औषध अन्य कारणांनी द्यावे लागले तर द्यावे, दात खाण्यासाठी नव्हे.)

दिवसा, जागेपणी आणि नकळत दात टेकवून ठेवण्याची सवय याहून अधिक महत्त्वाची ठरते. जबडा विसावलेला असताना ओठ मिटलेले असले तरी वरच्या व खालच्या दातांमध्ये दोन ते चार मिलिमीटरची मोकळी जागा असते, आणि खरे पाहता दात एकमेकांना टेकण्याचे प्रसंग चावणे व गिळणे एवढेच, म्हणजे दिवसभराची बेरीज केली तरी काही मिनिटांचेच असतात. संगणकावर हिशेब जुळवताना, सुईत दोरा ओवताना, खड्ड्यांतून दुचाकी काढताना, मोबाइलवर वाद घालताना माणूस दात आवळून बसतो आणि संध्याकाळी कानशिले का ठणकतात याचे त्याला कोडे पडते. जोरात आवळण्याची गरजही नसते. दात हलकेच पण तासन्‌तास टेकलेले राहिले तरी स्नायूंना उसंत मिळत नाही. म्हणून उपचाराची पहिली पायरी ही की जिभेचे टोक ‘न’ म्हणताना टेकते त्या जागी, वरच्या दातांच्या मागे टेकवावे, ओठ मिटावेत, दात सुटे ठेवावेत, आणि ही स्थिती दिवसातून अनेकदा तपासावी. नुसते ठरवून हे आठवणीत राहत नाही, त्यामुळे फोनची घंटा, लाल सिग्नल, उद्‌वाहनाची वाट पाहणे अशा रोजच्या घटनांशी ती तपासणी बांधून घेणे उपयोगी पडते. उपाय इतका साधा आहे की पैसे मोजून तज्ज्ञाकडे गेलेल्या रोग्याला तो ऐकून फसवणूक झाल्यासारखे वाटते, आणि कदाचित म्हणूनच तो नेटाने फार थोडे लोक करतात.

दुखणे भडकलेले असताना एक-दोन आठवडे जबड्याला जेवणातही सूट द्यावी लागते आणि मराठी स्वयंपाकघरात त्यासाठी वेगळे काही शिजवावे लागत नाही : मऊ भात व वरण, मुगाची खिचडी, उपमा, आमटीत किंवा दुधात कुस्करलेली भाकरी पुरेशी होते. ऊस, चिक्की, कडक चकली, सुके खोबरे आणि सुपारी या काळात बाजूला ठेवाव्यात, पेरू-सफरचंद दातांनी न तोडता फोडी करून खावे, मक्याचे दाणे कणसावरून सुटे करून घ्यावेत. वडापाव मऊ असूनही त्रास देतो, कारण त्याला तोंड फार मोठे उघडावे लागते. तो तुकडे करून खाल्ला तर चालतो. पातळ पदार्थांवर महिनोन्‌महिने काढणे मात्र चुकीचे आहे, कारण न वापरलेला जबडा अधिकच आखडतो. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरावी म्हणजे तोंड बेताने उघडते. कोमट पाण्यात पिळलेल्या जाड पंचाचा ओला शेक गालावर आणि कानशिलावर पंधरा-वीस मिनिटे दिल्याने स्नायू सैलावतात. नुकताच मार लागला असेल तर मात्र पहिला दिवस-दीड दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ बरा.

त्यानंतर हालचालींचा भाग येतो. जिभेचे टोक टाळूला टेकवून, ते न सोडता आरशासमोर सरळ रेषेत जितके उघडेल तितकेच तोंड उघडायचे आणि मिटायचे, हा व्यायाम दिवसातून पाच-सहा वेळा थोडा थोडा केल्याने सांध्याला घसरण्याआधी फिरण्याची सवय पुन्हा लागते आणि हनुवटीचे वळणही कमी होते. मान पुढे काढून बसण्याची ढब सुधारणे, स्नायूंतल्या दुखऱ्या जागा बोटांनी दाबून मोकळ्या करणे, आखडलेला जबडा हलक्या हाताने ताणणे ही कामे जबड्याची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावीत. 2023 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने या दीर्घकालीन दुखण्याविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा व्यायामांना व हस्तोपचारांना, तसेच वेदनेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्यास मदत करणाऱ्या बोधनात्मक वर्तनोपचाराला ठाम शिफारस मिळाली. ‘मानसोपचार’ हा शब्द ऐकून रोगी दुखावतात, आपले दुखणे खोटे ठरवले जात आहे असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात वेदना खरी असते म्हणूनच तिने बिघडवलेली झोप, तिची भीती आणि तिच्यामुळे आवळलेले दात यांवर काम करावे लागते.

रात्री दातांवर चढवायचा अ‍ॅक्रिलिकचा साचा, ज्याला स्प्लिंट किंवा नाइट गार्ड म्हणतात, तो भारतातील दवाखान्यांत या दुखण्यावरचा सर्वांत सहज दिला जाणारा उपाय आहे, परंतु वरील तत्त्वांनी त्याच्या बाजूने कौल दिलेला नाही. दात झिजत असतील तर तो त्यांना वाचवतो हे निश्चित. दुखणे तो कमी करतोच असा भरवसा देता येत नाही. कोणाला त्याने बरे वाटते, कोणाला नाही, आणि सर्व दातांना न झाकणारा साचा महिनोन्‌महिने वापरला तर दातांची ठेवणच बदलू शकते. दुखरा काळ निभावण्यापुरते वेदनाशामक, अगदी थोडे दिवस स्नायू सैल करणारे औषध, आणि चिवट दुखण्यात रात्री अल्प मात्रेत अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने दिली जातात. लॉक झालेला जबडा या साऱ्याला दाद देत नसेल, तर सांध्याच्या पोकळीत सुया घालून ती द्रवाने धुऊन काढण्याचा, टाके न घालावे लागणारा उपचार उपलब्ध आहे. दात घासून चावा बदलणे व चकती काढून टाकणे या परत न फिरवता येणाऱ्या गोष्टी निव्वळ दुखण्यासाठी कोणी सुचवत असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत मुखरोग व जबड्याच्या शस्त्रक्रियांचे विभाग आहेत आणि तिथे असे मत मिळू शकते.

आखडत्या हाताच्या या धोरणाला ठळक अपवाद आहेत. लहान मूल हनुवटीवर पडले आणि पुढच्या काही महिन्यांत त्याचे तोंड कमी कमी उघडू लागले, तर सांध्याजवळचे हाड मोडून सांधा हाडानेच भरून जात असण्याची शक्यता असते. कानातून वाहणारा जुना पू हेही त्याचे एक कारण आहे. अशा मुलाचा खालचा जबडा नीट वाढत नाही, हनुवटी मागे राहते, झोपेत श्वास अडतो, आणि शस्त्रक्रियेवाचून त्याला इलाज नाही.

महाराष्ट्रात तोंड उघडेनासे होण्याचे आणखी एक कारण जबड्याच्या सांध्याच्या नावावर खपते, ते सुपारीचे. सुपारी, मावा, गुटखा यांच्या सेवनाने गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतूंचे कडक पट्टे तयार होतात, अस्तर पांढुरके व ताठर पडते, तिखट खाताच तोंडाची आग होते आणि महिन्यामहिन्याने तोंडाचे माप कमी होत जाते. 1952 मध्ये केनियातील पाच भारतीय स्त्रियांत या विकाराचे वर्णन झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे एस. जी. जोशी यांनी त्याच्या तंतुमय स्वरूपावर नेमके लक्ष वेधले. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली तरी तरुणांत हा विकार आढळतच राहिला आहे. लॉक झालेला जबडा एका दिवसात अडतो व दुखतो; सुपारीने आखडलेले तोंड हळूहळू आणि बहुधा सांधा न दुखता मिटत जाते, आणि ही अवस्था कर्करोगाकडे जाऊ शकते म्हणून तिथे व्यायाम शिकवत वेळ घालवणे धोक्याचे आहे.

पन्नाशी उलटलेल्या माणसाचा जबडा घास चावता चावता भरून येऊन थांबल्यावर बरा वाटत असेल, शिवाय कानशिलाला हात लावलेला सोसत नसेल किंवा नजर अंधुक होत असेल, तर कानशिलाच्या रक्तवाहिनीचा दाह असू शकतो आणि त्यात दृष्टी जाण्याचा धोका असल्यामुळे त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. जिना चढताना जबड्यात येणारी आणि थांबल्यावर जाणारी कळ हृदयाची असू शकते. वाऱ्याच्या झुळकेने किंवा दात घासताना विजेच्या झटक्यासारखी क्षणभर चमकणारी वेदना मज्जातंतूची असते. जखमेनंतर काही दिवसांनी बसलेली दातखीळ धनुर्वाताची असू शकते, आणि ताप, गालाची सूज किंवा गळ्यात गाठ असेल तर प्रश्न जबड्याच्या सांध्याचा राहत नाही.

हे सारे वगळल्यावर उरलेल्या बहुसंख्य रोग्यांचे दुखणे काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरते, पण ते परीक्षा, लग्नघरातील दगदग, झोपेचे खोबरे अशा काळात पुन्हा डोके वर काढते. दर आठवड्याला एकाच वेळी पुढच्या दातांमधले अंतर पट्टीने मोजून टिपून ठेवले, तर स्मरणाने केलेल्या अंदाजापेक्षा डॉक्टरांना आणि रोग्यालाही अधिक नेमके कळते. दुखणे उलटले की पुन्हा चार-पाच दिवस मऊ जेवण, शेक आणि सुटे दात हा क्रम धरावा, दंतवैद्याकडे लांबलेला उपचार असेल तर मधे मधे तोंड मिटण्याची सवड मागून घ्यावी, आणि दोन आठवड्यांत मोजमाप पूर्ववत आले नाही तर तपासणीसाठी जावे. दुखणे गेल्यावरही कानाजवळचा ‘कट्’ आवाज मात्र अनेकांच्या बाबतीत तसाच राहतो.